नर्सरीतल्या ज्युनिपरचा बोन्साय : पहिला हिवाळा ते पहिलं कुंडी-बदल

नर्सरीत जाऊन "बोन्साय करायला एखादं सूचिपर्णी झाड दाखवा" म्हटलं की माळीदादा बहुधा चार झाडांकडे नेतात. ख्रिसमस ट्री म्हणून विकलं जाणारं अरोकेरिया. मोरपंखी, जिचं पान शाळेत 'विद्या' म्हणून पुस्तकात जपून ठेवायचो ती. पिवळसर गोल्डन सायप्रस. आणि मागच्या कोपऱ्यात, बहुतेकदा धूळ खात पडलेलं, जमिनीलगत पसरणारं ज्युनिपर. पहिल्यांदाच करत असाल तर ज्युनिपर घ्या आणि बाकीच्यांचा मोह सोडा.

अरोकेरियाच्या फांद्या मजल्यामजल्यांनी फुटतात, खोड सरळसोट वर जातं आणि छाटलं की ते झाड कायमचं बोडकं दिसतं. मोरपंखी तशी चिवट आहे, पण तिच्या पाल्याचे पंखे उभे वाढतात. ते आडवे करून थर दाखवायचे तर तारेशी फार झटापट करावी लागते. गोल्डन सायप्रस आपल्या पठारी उन्हाळ्यात आतून तपकिरी पडत जातो. ज्युनिपरच्या फांद्या मात्र पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या तरी वाकतात, छाटणी समजून केली तर झाड सहन करतं, आणि त्याचं वाळलेलं लाकूड लवकर कुजत नाही. हा शेवटचा गुण पुढे फार कामाला येतो.

हवेचं म्हणाल तर पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर हा पट्टा ज्युनिपरला मानवतो. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळा हाच खरा शत्रू. तिथे छपराखालची पण उन्हाची जागा असेल तरच या भानगडीत पडा. विदर्भात मे महिन्यात शेडनेटशिवाय निभाव नाही. आणि कुठेही असा, हे झाड घराबाहेरचं आहे. दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवलेलं ज्युनिपर मरतंच, फक्त ते कळायला वेळ लागतो. मुळं मेल्यावरही पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो, त्यामुळे दोष कशाचा होता हे माणसाला उमगतच नाही.

बुंधा बघून घ्या

झाड निवडताना सगळे पाल्याचा गोल गरगरीत आकार बघतात. तो आकार पहिल्याच दिवशी जाणार आहे, त्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. बोट घालून वरची माती दोन-तीन सेंटिमीटर बाजूला करा. नर्सरीत बुंधा बहुतेक वेळा खोल गाडलेला असतो. मातीखाली खोड रुंद होत जात असेल, मुळं दोन-तीन बाजूंना फाकलेली लागत असतील तर ते झाड बाजूला काढून ठेवा. खोड निदान अंगठ्याएवढं जाड हवं आणि खालच्या एक तृतीयांश भागात त्याला थोडा तरी बाक हवा. वरचा भाग वाकडा करता येतो, बुंधा येत नाही.

मग पाला दोन्ही हातांनी उचलून आत डोकवा. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. ज्युनिपरच्या उघड्या, पाला नसलेल्या जुन्या लाकडावर नवा फुटवा सहसा येत नाही. वड, उंबर, बोगनवेल यांच्यावर हात बसलेला माणूस इथेच फसतो. तिथे फांदी खोडाशी कापली तरी महिन्याभरात धुमारे येतात. ज्युनिपरच्या फांदीवर पाला फक्त टोकाला असेल आणि मधली वीतभर काडी मोकळी असेल, तर ती फांदी आखूड करता येणार नाही. म्हणून खोडाजवळ हिरवं किती आहे ते मोजा. बाहेरून विस्कटलेलं पण आतून भरलेलं झाड हे बाहेरून देखण्या पण आतून पोकळ झाडापेक्षा कितीतरी बरं.

निघण्याआधी एका फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले तर लाल कोळी आहे. ते झाड तिथेच ठेवा. खोड धरून हलकं हलवा. मातीत ते डुगडुगत असेल तर मुळं धरलेली नाहीत.

भेटवस्तूंच्या दुकानात इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची, वर गोटे चिकटवलेली 'तयार बोन्साय' मिळतात. ती घेऊ नका. शिकण्यासारखं त्यांत काही उरलेलं नसतं आणि गोट्यांखाली पाणी किती गेलं हे देवालाच ठाऊक. त्याच पैशांत आठ-दहा इंची कुंडीतली दोन साधी ज्युनिपर येतील. दोन घ्याच. एकावर हात चालवायचा, दुसरं दोन हंगाम नुसतं बघायचं.

आधी मुळं की आधी फांद्या?

घरी आणल्याबरोबर कात्री घेऊन बसायची सुरसुरी येते. आठ-पंधरा दिवस नुसतं उन्हात ठेवा आणि पाणी कसं पितंय ते पाहा. त्यावरच पुढचा सगळा क्रम ठरतो.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये बरीच रोपं आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रक भरून येतात. प्रवासात मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फुटू नये म्हणून ती चिकट मातीत असतात, आणि इथे आल्यावर तो गड्डा तसाच मोठ्या पिशवीत बसवून भोवती लाल माती लोटलेली असते. वरून पाणी घातलं की ते बाहेरच्या मोकळ्या मातीतून खाली जातं, आतला गड्डा कोरडाच. किंवा उलट, महिनाभर ओलाच. तांब्याभर पाणी घालून बघा. काही सेकंदांत मुरून खालून निथळलं तर मुळांची घाई नाही. यंदा फांद्यांचं काम करा, मुळं पुढच्या वर्षी. पाणी वर तळं करून मिनिटभर उभं राहिलं आणि दोन-तीन दिवसांनीही माती थंड, लोण्यासारखी लागत असेल, तर यंदा फक्त मुळांचं काम आणि फांद्यांना पुढच्या हिवाळ्यापर्यंत हात लावायचा नाही.

दोन्ही एकाच हंगामात कधीच नाही. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ज्युनिपरची शिदोरी त्याच्या पाल्यात असते. पाला कमी केला की मुळांना पोसणारं कमी होतं, आणि मुळं कापली की पाल्याला पाणी पुरवणारं कमी होतं. दोन्ही एकदम केलं तर झाड कुठून सावरणार?

पुण्या-नाशिकच्या हवेत फांद्यांची छाटणी आणि तारेचं काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारीत करावं. कुंडी बदलायची तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे उन्हाळा तापायच्या आत नव्या मुळांना दीड-दोन महिने मिळतात. पाऊस स्थिरावल्यावर जुलै-ऑगस्टमध्येही काही जण कुंडी बदलतात. छप्पर असेल तर जमतं. एप्रिल-मेमध्ये मात्र पाणी आणि सावली सोडून काहीही करू नका.

पुढचं सगळं, माती ठीक आहे आणि हिवाळा आहे, हे धरून.

बसण्याआधी

हत्यारं फार लागत नाहीत. धारदार लहान कात्री, सिकेटर (फांद्या छाटायची कातरी), एक पक्कड, तार कापायची कातरी, टूथब्रश आणि चायनीजच्या पार्सलमधली लाकडी काडी. गोलसर जखम करणारा जपानी कटर छान असतो, पण पहिल्या झाडासाठी हजार-दोन हजार त्यावर घालू नका. अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची तार ऑनलाइन मिळते, १, १.५, २.५ आणि ३.५ मिलिमीटर एवढ्या जाड्या पुरतात. तांब्याची तार सूचिपर्णी झाडांना जास्त चांगली धरते, पण ती आधी भट्टीत लालसर तापवून मऊ करावी लागते आणि एकदा गुंडाळली की उलगडून पुन्हा वापरता येत नाही. शिकताना अॅल्युमिनियमच बरं.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. कोवळा सुईसारखा पाला टोचतो आणि चिकामुळे काहींच्या हातावर पुरळ उठतं.

झाडाला आदल्या दिवशी पाणी थोडं कमी द्या. किंचित तहानलेल्या फांद्या जास्त वाकतात. काम डोळ्याच्या पातळीवर करायचं, म्हणून टेबलावर एखादा डबा किंवा विटा ठेवून त्यावर झाड ठेवा. जमिनीवर उकिडवं बसून वरून बघत छाटलेली झाडं वरूनच चांगली दिसतात.

साफसफाई

आधी बुंधा मोकळा करा. काडीने वरची माती उकरत जा, पहिली जाड मुळं दिसेपर्यंत. त्याच्या वर फुटलेली केसासारखी मुळं कापून टाका. आता खोडाची खरी रुंदी आणि खरी दिशा दिसते. कधी कधी खोड दोन इंच लांब निघतं आणि झाडाचा अख्खा तोल बदलतो.

मग आतला वाळलेला, तपकिरी पाला बोटांनी ओढून काढा. फांदीच्या खालच्या बाजूला लोंबणारी पोपटी पिल्लं आणि फांदी-खोडाच्या बेचक्यात फुटलेला कमकुवत पाला काढा. खोडाजवळच्या सशक्त फुटव्यांना हात लावू नका, ते उद्याच्या फांद्या आहेत. टूथब्रश ओला करून खोडावरची सैल साल घासा. खालून तांबूस-तपकिरी साल निघते आणि नर्सरीतलं झुडूप एकदम वयस्कर दिसायला लागतं. या कामाला तास-दीड तास लागू द्या. फांद्या कुठून कुठे जातात ते हातांना इथेच कळतं.

दर्शनी बाजू

झाड हळूहळू गोल फिरवा. ज्या बाजूने बुंधा सगळ्यात रुंद दिसतो, खोडाचा बाक स्पष्ट दिसतो आणि एखादी जाड फांदी थेट आपल्या डोळ्यांत येत नाही, ती दर्शनी बाजू. शेंडा किंचित आपल्याकडे झुकलेला असावा. सगळं एकाच बाजूला क्वचितच मिळतं. मिळालं नाही तर बुंध्याला झुकतं माप द्या. कुंडीखाली लाकडाचा तुकडा सरकवून झाड दहा-वीस अंश तिरकं करून बघा. पुढच्या वर्षी कुंडी बदलताना त्याच कोनात लावता येतं. बऱ्याच वेळा झाडात काहीच दिसत नाही आणि तिरकं केल्याबरोबर ते उभं राहतं.

दर्शनी बाजूला कुंडीवर खडूने खूण करा. अर्ध्या तासानंतर ती बाजू विसरली जाते.

आपल्या सह्याद्रीत सूचिपर्णी झाडं मूळची नाहीतच. दक्षिणेतही पश्चिम घाटात मूळची अशी एकच जात आहे, तीही केरळ-तमिळनाडूच्या बाजूला. त्यामुळे म्हातारं ज्युनिपर रानात कसं दिसतं हे आपल्या नजरेला सरावाचं नसतं. लाहौल किंवा लडाखला जाऊन आला असाल तर गोंपाजवळचे, म्हणजे बौद्ध मठाजवळचे, शुकपाचे (तिथल्या ज्युनिपरचे) वृक्ष आठवा : पिळवटलेलं खोड, अर्धं मेलेलं, आणि एका पट्टीवर जिवंत असलेला हिरवा माथा. जपानमध्ये बोन्सायसाठी नावाजलेलं शिंपाकू हेही ज्युनिपरच. शिकोकू बेटावरच्या इशिझुची पर्वतातून आणि निइगाता प्रांतातल्या इतोइगावाच्या कड्यांवरून ते गोळा केलं जायचं. तिथल्या बर्फाने आणि वाऱ्याने त्याच्या फांद्या खाली दाबलेल्या, सोललेल्या असायच्या. ज्युनिपर बोन्सायच्या बहुतेक सगळ्या रीती त्या कड्यांवरून आल्या आहेत. फांद्या खाली का झुकवायच्या, लाकूड पांढरं उघडं का ठेवायचं, याचं उत्तर तिथे आहे.

कुठली फांदी ठेवायची

आता छाटणी. पण अजून कात्री नाही, आधी चिंध्या. जी फांदी जाईल असं वाटतं तिला लाल चिंधी बांधा, दूर जाऊन बघा, चहा घ्या, पुन्हा बघा.

एकाच उंचीवर समोरासमोर दोन फांद्या असतील तर एक जाईल. एकाच बिंदूतून तीन-चार फुटल्या असतील तर एक किंवा दोन राहतील. नाहीतर तिथे खोड गाठीसारखं फुगतं. बाकाच्या आतल्या बाजूच्या फांद्या सहसा जातात, बाहेरच्या बाजूच्या राहतात. पहिली मोठी फांदी साधारण एकूण उंचीच्या एक तृतीयांशावर डावीकडे किंवा उजवीकडे, दुसरी तिच्या उलट बाजूला थोडी वर, आणि मागे एक. मागच्या फांदीला नवशिके पहिल्यांदा कापतात, कारण ती समोरून दिसत नाही. ती गेली की झाड भिंतीवरच्या चित्रासारखं चपटं होतं, म्हणून ती जपा.

नर्सरीतल्या झाडाचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे उंची. खोड वर जाताना बारीक होत नाही, तसंच काठीसारखं जातं. उपाय एकच : मुख्य शेंडा सोडून द्यायचा आणि त्याच्या खालची, बारीक, पाला भरलेली एखादी फांदी उचलून तिला नवा शेंडा करायचं. अठरा इंचांचं झाड दहा इंचांवर येतं, आणि तेव्हाच तो अंगठ्याएवढा बुंधा जाड दिसतो. पसरणाऱ्या ज्युनिपरमध्ये तर मुख्य खोड आडवंच असतं. तिथे सरळ झाडाचा हट्ट धरू नका. तिरकं झाड किंवा कड्यावरून कोसळणारं, ज्याला जपानी लोक केंगाई म्हणतात, ते त्या खोडाला स्वभावतःच जमतं.

किती काढायचं? एकूण पाल्याच्या एक तृतीयांशापर्यंत निर्धास्त. झाड फारच जोमदार असेल तर निम्म्यापर्यंत. त्यापुढे गेलात तर झाड मरेलच असं नाही, पण ते घाबरून खवल्यांसारख्या प्रौढ पाल्याऐवजी कोवळ्या काटेरी सुया काढायला लागतं आणि त्या जायला एक-दोन वर्षं लागतात. मनात असलेलं चित्र यंदा पूर्ण होणार नसेल तर न होऊ दे. शंका असलेली फांदी ठेवा. ती पुढच्या वर्षीही कापता येते. कापलेली परत लावता येत नाही.

जिन

ज्या फांद्या जायच्या आहेत त्या खोडाशी सपाट कापू नका. पाच-सात सेंटिमीटरचा खुंट ठेवा. त्या खुंटाची साल काढून उघडं लाकूड ठेवणं म्हणजे जिन. वरचा सोडून दिलेला शेंडा तर जिनसाठीच असतो.

खुंटाच्या मुळाशी, जिथे साल थांबवायची तिथे, धारदार चाकूने गोल चीर द्या. चीर नीट खोल द्या, नाहीतर साल ओढताना ती खोडावरूनही सोलत जाते आणि खालच्या फांदीचं पाणी तुटतं. मग पक्कडीने खुंट हलकेच दाबत जा. साल लाकडापासून सुटल्याचा मऊ आवाज येतो. ती बोटांनी ओढली की आत ओलं, पिवळसर पांढरं, सुगंधी लाकूड. आता टोकाला पक्कडीने चिमटा घेऊन लाकडाचे धागे खाली ओढा. कापलेला सपाट चेहरा नाहीसा होतो आणि वाऱ्याने मोडल्यासारखं टोक दिसतं. चाकूने पेन्सिलीसारखं टोक काढू नका, ते पाहता क्षणी खोटं वाटतं.

लाकूड महिना-दोन महिने वाळू द्या. मग त्यावर लाइम सल्फर, म्हणजे चुना-गंधकाचं द्रावण, लहान ब्रशने लावतात. लाकूड आधी पाण्याने ओलं करा म्हणजे द्रावण आत शिरतं. लावताना पिवळं-नारिंगी दिसतं, उन्हात पांढरं होतं. सडक्या अंड्यांसारखा वास येतो, त्यामुळे हे काम गच्चीवर. हातमोजे घाला, माती प्लास्टिकने झाका, पाल्यावर थेंब पडू देऊ नका. आणि ते कुठल्याही आम्लात, टॉयलेट क्लीनरच्या बाटलीच्या आसपास, मिसळू देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो.

खोडावरची साल पट्ट्याने काढून शारी करायचं असतं, त्याचे फोटो बघून हात शिवशिवतात. पहिल्या वर्षी नको. कुठल्या मुळाचं पाणी कुठल्या फांदीला जातं हे दिसायला लागलं की मग.

तार

तार फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश असावी. शंका आली तर वाकवून बघा : फांदीपेक्षा तारेला वाकवायला किंचित जास्त जोर लागला पाहिजे. लांबी फांदीच्या सव्वा ते दीडपट.

एकाच तारेने दोन शेजारच्या फांद्या बांधायच्या. तारेचा मध्य खोडावर, एक टोक एका फांदीवर, दुसरं दुसरीवर. दोन्हींच्या मध्ये खोडाला निदान एक पूर्ण वेढा बसला पाहिजे, नाहीतर एक फांदी खाली केली की दुसरी वर येते. वेढे ४५ अंशांत, सारख्या अंतराने, फांदीला चिकटून पण न आवळता. डाव्या हाताने मागचा वेढा धरून ठेवायचा, उजव्या हाताने पुढचा घालायचा. पाला तारेखाली दाबला जातोय का ते दर वेढ्याला बघा, दाबलेला पाला वाळतो.

वाकवताना फांदीच्या दोन्ही बाजूंना बोटं आणि वाकाच्या आतल्या बाजूला दोन्ही अंगठे. तार वाकाच्या बाहेरच्या बाजूला असली पाहिजे. तिथेच लाकूड ताणलं जातं, तिथेच तुटतं. हळू. थोडं वाकवा, थांबा, आणखी थोडं. बारीक कुरकुर ऐकू आली की थांबा, आज एवढंच. चीर पडलीच तर फांदी जागेवर आणून ओल्या सुतळीने घट्ट गुंडाळा. एका बाजूची साल शाबूत असेल तर ज्युनिपर बहुतेक वेळा जोडून घेतं. बोटाएवढी जाड फांदी असेल तर आधीच भिजवलेल्या रॅफियाने (ताडवर्गीय झाडाच्या पानांच्या धाग्याने) किंवा सुतळीने पट्ट्या गुंडाळा आणि मग तार.

फांदी खोडातून निघते तिथपासूनच खाली आणायची. निघताना वर आणि मग अर्ध्यावर खाली वळलेली फांदी छत्रीच्या काडीसारखी दिसते आणि नवशिक्याचं काम दुरूनच ओळखू येतं. मुख्य फांद्या झाल्या की १ मिलिमीटरच्या तारेने दुय्यम डहाळ्या पंजासारख्या पसरवा, टोकं किंचित वर. खालची बाजू साफ, वरची भरलेली. पाल्याची टोकं नखांनी सगळीकडून खुडत बसायची जुनी सवय सोडा. त्याने झाड अशक्त होतं. बाहेर पळणारे लांब शेंडे तेवढे कात्रीने, पाला न चिरता, मधल्या काडीवर कापा.

नंतरचे महिने

दोन-तीन आठवडे सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली. पाल्यावर दिवसातून एक-दोनदा पाणी फवारा. मातीला पाणी मात्र बघून : लाकडी काडी चार-पाच सेंटिमीटर खोल खुपसून ठेवा, काढल्यावर ओली लागली तर आज पाणी नाही. पहिला महिना खत नाही.

मार्च संपता संपता ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी टाका. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो, पाला करडा, निस्तेज दिसायला लागतो. दर आठवड्याला सकाळी पाईपच्या बारीक धारेने पाल्याची खालची बाजू धुतली तर बहुतेक वेळा औषधाची गरज पडत नाही. पडलीच तर कडुनिंबाचं तेल, संध्याकाळी.

पावसाळ्यात झाड जोरात वाढतं आणि तार तितक्याच जोरात रुतते. जूननंतर दर पंधरवड्याला प्रत्येक फांदी बघा. तार सालीत दबायला लागली की ती काढायची, आकार धरला असो वा नसो. हवी तर पुन्हा वेगळ्या जागी बांधा. काढताना उलगडू नका, प्रत्येक वेढा कातरीने तोडून तुकडे काढा. तारेत दोन पैसे वाचवायला जाऊन फांदी मोडते. सलग झड लागली तर कुंडी एका बाजूला वीट देऊन तिरकी ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही.

कुंडी बदलताना

हे छाटणीनंतरचा पावसाळा उलटून गेल्यावर येणाऱ्या फेब्रुवारीत, आणि पहिली कुंडी बोन्सायची उथळ कुंडी नव्हे. पसरट मातीची कुंडी किंवा तळाला भरपूर भोकं पाडलेला प्लास्टिकचा टब घ्या, चार-पाच इंच खोल.

कुंडीत भरायच्या माध्यमात साधी माती नाही. विटांचा चुरा, भरड वाळू आणि थोडं चाळलेलं पानांचं कुजलेलं खत. ३ ते ५ मिलिमीटरचे कण ठेवा. त्याखालचं पीठ चाळून, धुऊन टाका. वीट चांगली भाजलेली हवी, कच्ची वीट पाण्यात विरघळून चिखल होते. आयात अकादामा (बोन्सायसाठी वापरली जाणारी जपानी दाणेदार माती) मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नका. मुंबई-कोकणात पानखत जवळजवळ शून्यावर आणा.

गड्डा बाहेर काढल्यावर तळाला गोल गोल फिरलेली मुळं कापा. मग गड्ड्याचा फक्त अर्धा भाग, एक बाजू, काडीने मोकळा करा. उरलेला अर्धा तसाच राहू दे. तो दोन वर्षांनी. मातीत पांढरी बुरशी दिसली तर ती धुऊन काढायची गरज नाही. मुळं उघडी असताना सतत ओली ठेवा, फोन आला तर ओलं फडकं टाकून मग उचला.

भोकांवर जाळी, तळातून वर घेतलेली तार, आणि तिने गड्डा कुंडीला पक्का बांधायचा. वाऱ्याने झाड हललं की नवी मुळं तुटतात. माध्यम भरताना काडीने टोचत टोचत मुळांमध्ये उतरवा, हाताने दाबू नका. शेवटी झारीने पाणी, खालून निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत.

पुन्हा सावली, पुन्हा फवारे. चार-सहा आठवड्यांनी पाल्याच्या टोकांवर नेहमीपेक्षा उजळ हिरवे शेंडे यायला लागले की मुळं धरली समजा. त्यानंतर पसरट चमचाभर निंबोळी पेंड कुंडीच्या कडेने, खोडापासून दूर, महिन्यातून एकदा. मे महिन्यात बंद, आणि मुसळधार पावसातही बंद, कारण भिजलेल्या पेंडीत अळ्या पडतात.